जवळचं मोठं, लांबचं लहान : १७ सप्टेंबर आणि आपला ‘दृष्टिकोन’

१७ सप्टेंबर जवळ आला की आपल्या जिल्ह्यात दरवर्षी तोच वाद. एकजण म्हणतो मुक्तिसंग्राम, दुसरा म्हणतो पोलीस अ‍ॅक्शन. मग कोणीतरी शहाणा मध्ये पडतो, "जाऊ द्या हो, ज्याचा त्याचा दृष्टिकोन!" झालं, विषय संपला.

मंडळी, हे वाक्य मला खटकतं. दृष्टिकोन हा शब्द विषय मिटवायला नाही, तिथून विचार सुरू करायला आहे. त्यासाठी थोडं चित्रकलेकडे जाऊ.

शाळेत ड्रॉइंगच्या सरांनी शिकवलेलं आठवा. रेल्वेचे रूळ लांब जाता जाता एकत्र येतात, विजेचे खांब लहान लहान होत जातात. हे पर्स्पेक्टिव्ह, मराठीत यथार्थदर्शन. फ्लॉरेन्समध्ये ब्रुनेलेस्कीनं १५ व्या शतकाच्या सुरुवातीला ते प्रयोगानं दाखवलं आणि अल्बर्टीनं १४३५ मध्ये त्याचे नियम लिहून काढले. त्यातली पहिली अट अशी की, बघणाऱ्यानं जागा सोडायची नाही. त्या जागेवरून लांबचा खांब बोटाएवढा दिसतो. पण खांब काही लहान झालेला नसतो. ते लहानपण आपल्या अंतराचं असतं.

आता आपल्या मराठवाड्यातलं अजिंठा बघा. १७ क्रमांकाच्या लेण्यात विश्वंतर जातकाचं चित्र आहे. एकाच भिंतीवर तोच राजपुत्र पुन्हा पुन्हा दिसतो. बघणाऱ्याला एका जागी उभं करत नाहीत, गोष्टीबरोबर चालायला लावतात. त्याच लेण्यात राहुल आणि यशोधरेसमोर उभा असलेला बुद्ध त्या दोघांपेक्षा कितीतरी मोठा काढलाय. तो जवळ आहे म्हणून मोठा नाही, चित्रकाराच्या मनात मोठा आहे म्हणून.

म्हणजे गोष्ट दोन कारणांनी मोठी दिसते. एक तर ती आपल्याला जवळची असते, नाहीतर आपण तिला मोठी मानलेली असते. इतिहास सांगतानाही आपलं नेमकं हेच होतं.

१९४८ घ्या. देश स्वतंत्र होऊन वर्ष उलटलं तरी आपण निजामाच्या राज्यात होतो. रझाकारांचा पुढारी कासीम रझवी लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच. रझाकारांनी गावं लुटली, माणसं मारली. लोक घरदार सोडून सोलापूर-बार्शीकडे पळाले. स्टेट काँग्रेसनं सरहद्दीवर कॅम्प उभारून लढा दिला. १३ सप्टेंबरला भारतीय फौज सोलापूरकडून आत आली. पहिली चकमक आपल्या नळदुर्गला झाली, बोरी नदीवरचा पूल फौजेनं शाबूत ताब्यात घेतला. १७ तारखेला निजाम शरण आला. ज्यांच्या घरावर रझाकार चालून आले होते, त्यांच्यासाठी ही सुटकाच होती. तिला मुक्ती म्हणण्यात काहीच वावगं नाही.

पण त्याच रस्त्यानं चार पावलं पुढं चला. त्यानंतरच्या दिवसांत मुस्लिम वस्त्यांवर सूड उगवला गेला. चौकशीसाठी नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये ती संस्थानात फिरली. अ‍ॅक्शनच्या काळात आणि नंतर मिळून २७ ते ४० हजार माणसं मेली, असा समितीचा अंदाज. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचं नाव आहे. बाकीचे गुलबर्गा, बिदर, नांदेड. या आकड्यांवर आजही वाद आहेत. अहवाल मात्र कित्येक दशकं लोकांसमोर आलाच नाही.

एकाच्या घरात एक गोष्ट खांबाएवढी आणि दुसरी बोटाएवढी. शेजारच्या घरात बरोबर उलटं. दोघांपैकी खोटं कोणीच बोलत नाही. पण पहिली गोष्ट सांगितली म्हणून दुसरी पुसली जात नाही, आणि दुसरी मांडली म्हणून रझाकारांचं पाप हलकं होत नाही.

आणि दोन्ही घरांच्या चित्रात न बसणारी माणसंही होती. हैदराबादच्या ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात विलीन व्हा, असं लिहिलं. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांना भर रस्त्यात मारलं. याच सुंदरलाल अहवालात मुसलमान विणकरांना वाचवणारे हिंदू विणकरही आहेत. आपल्या पेशातला म्हणून शोएबुल्लांचं नाव मी दर सप्टेंबरला घेतो. आपल्या भाषणांत ते क्वचितच ऐकू येतं.

"ज्याचा त्याचा दृष्टिकोन" म्हणणारा स्वतःची जागा सोडत नाही आणि दुसऱ्याच्या जागेवर जाऊनही बघत नाही. पर्स्पेक्टिव्हचा खरा धडा उलटा आहे. कुठं उभा आहेस ते आधी सांग, म्हणजे तुझं चित्र तपासता येईल. मग अजिंठ्यातल्यासारखं भिंतीच्या कडेनं चालत जा.

वेळ थोडा उरलाय. तेव्हा दहा वर्षांचं असलेलं पोर आज पंच्याऐंशीच्या पुढं आहे. तुमच्या गावात असं कोणी असेल तर या आठवड्यात जाऊन बसा. गाव कोणतं, वय किती, त्या दिवशी ते कुठं होते, डोळ्यांनी काय पाहिलं आणि नुसतं ऐकलं काय, हे वेगवेगळं लिहून घ्या. आणि तेवढ्यावर थांबू नका, दुसऱ्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांकडेही जा.