नॅनो युरिया
नॅनो युरिया हे पानांवर फवारावयाचे द्रवरूप नत्रखत असून नॅनोतंत्रज्ञान शेतापर्यंत पोहोचल्याचे ते ठळक उदाहरण आहे. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. इफ्को या सहकारी संस्थेने २०२१ मध्ये हे खत बाजारात आणले. २० ते ५० नॅनोमीटर आकाराचे कण पर्णरंध्रांतून आत शिरतात, त्यामुळे ५०० मिलीलिटरची बाटली युरियाच्या ४५ किलोच्या गोणीची जागा घेते, असा उत्पादकांचा दावा आहे.

सातारा व सांगली जिल्ह्यांतील कृष्णाकाठच्या ऊसशेतीत हा दावा विशेष महत्त्वाचा ठरतो. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस असून मातीत टाकलेल्या युरियातील बराच नत्र पाण्याबरोबर झिरपून किंवा हवेत उडून जातो. मात्र मूळ द्रावणात नत्र केवळ ४ टक्के, म्हणजे बाटलीत २० ग्रॅम. गोणीत तो सुमारे २० किलो असतो. पुढे आलेल्या २० टक्क्यांच्या द्रावणातही बाटलीमागे तो १०० ग्रॅमच भरतो. पंजाब कृषी विद्यापीठाच्या प्रयोगांत नेहमीच्या खताचा काही हप्ता वगळून नॅनो युरिया फवारल्यावर भात व गव्हाचे उत्पादन घटले. ऊस मात्र वेगळे पीक आहे. तो उंच वाढला की पाठीवरच्या पंपाने फवारणी अवघड होते, म्हणून ड्रोनचा वापर केला जातो.