मराठवाड्याचा मुक्तिसंग्राम आणि काडतुसांचा दुष्काळ

१. स्टेनलेस स्टीलचे चकाकते रिव्हॉल्व्हर आज पडद्यावर सर्रास दिसते. प्रत्यक्षात अमेरिकेतील स्मिथ अँड वेसन कंपनीने ते १९६५ मध्ये बाजारात आणले. त्याआधीची रिव्हॉल्व्हर बहुधा काळसर पोलादाची. तेलाचा हात फिरला नाही, तर पावसाळ्यात गंजणारी. मात्र १९४७-४८ च्या हैदराबाद संस्थानात, म्हणजे आजच्या नांदेड-लातूर परिसरातही, शस्त्रांपुढचा खरा प्रश्न गंजाचा नव्हता, काडतुसांचा होता.

२. ठासणीच्या बंदुकीत नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासतात. सोरा, गंधक व कोळसा मिळाला, की ती दारू गावातही तयार करता येई. रिव्हॉल्व्हरला तयार काडतूसच लागते: पितळी कवच, स्फोटक टोपी, दारू आणि गोळी, सारे एकत्र. गावचा लोहार बंदुकीचा मोडका घोडा दुरुस्त करू शके. काडतुसाची टोपी घडवणे त्याच्या आवाक्याबाहेरचे होते. म्हणजेच आधुनिक शस्त्र हाती असलेला माणूस दूरच्या कारखान्याचा बांधील होता.

३. पुण्याजवळील खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. स्वातंत्र्यानंतर तो भारत सरकारच्या हाती होता आणि निजामाचे संस्थान भारतात विलीन झालेले नव्हते. २९ नोव्हेंबर १९४७ च्या ‘जैसे थे’ करारानंतरही संबंध बिघडत गेले, नाकेबंदी आवळली गेली. तेव्हा सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमानांतून चोरट्या मार्गाने शस्त्रे आणू लागला.

४. रझाकारांचा नेता कासीम रझवी हा लातुरात वकिली करणारा. त्याच्या संघटनेतील बहुसंख्यांकडे ठासणीच्या बंदुका, भाले आणि तलवारीच होत्या. पण ज्या गावात एकही बंदूक नाही, तिथे दहशतीसाठी ठासणीची एक बंदूकही पुरेशी ठरे.

५. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी संस्थानाच्या सीमेबाहेर सशस्त्र केंद्रे उभारली. शस्त्र, काडतूस, अन्न, सारेच पैशावर अडलेले. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातील उमरीच्या बँकेवर धाड घालून त्यांनी वीस लाखांहून अधिक रुपये लढ्यासाठी ताब्यात घेतले. त्या धाडीकडे केवळ धाडसकथा म्हणून पाहिले, तर तिच्यामागची ही निकड दिसत नाही.

६. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले. त्याच्या पाठीशी कारखाने होते, रेल्वे होती, अखंड रसद होती. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. आज तो दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो.

७. संग्रहालयातील काचेआडच्या जुन्या शस्त्राकडे पाहताना ते कोणाच्या हाती होते, एवढेच विचारणे पुरेसे नाही. त्याचे काडतूस कोणत्या कारखान्यातून, कोणत्या वाटेने आणि कोणाच्या पैशातून आले, हे विचारले, की शस्त्रामागची सत्ता दिसू लागते.