पावली, फुगडी, लेझीम : आपल्या लोकनृत्यांच्या मूळ हालचाली

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळच्या रस्त्याला लागले की साधारण पंधरा किलोमीटरवर दौलताबादचा किल्ला दिसू लागतो. ही यादवांची राजधानी देवगिरी. आपल्या शाळांच्या सहली येथे दरवर्षी येतात. मुले चांदमिनार पाहतात, अंधारीतून आरडाओरडा करीत वर जातात आणि दुपारचा डबा खाऊन परततात. भारतीय नृत्याविषयीचा एक फार मोलाचा ग्रंथ याच राजधानीत लिहिला गेला, हे त्यांना क्वचितच कोणी सांगते. सणासुदीला आणि स्नेहसंमेलनाला 'लोकनृत्य बसवायचे आहे, काही माहिती द्या' अशी विचारणा आमच्याकडे वारंवार होते. म्हणून हा लेख देवगिरीपासूनच सुरू करीत आहोत.

तेराव्या शतकात यादव राजा सिंघण याच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचे विद्वान होते. त्यांचे घराणे मूळचे काश्मीरचे. आजोबा भास्कर दक्षिणेत येऊन स्थायिक झाले. शार्ङ्गदेव राज्याचा हिशेब पाहणारे मोठे अधिकारी होते. त्यांच्या 'संगीतरत्नाकर' या संस्कृत ग्रंथाचे सात अध्याय आहेत आणि सातवा संपूर्ण अध्याय नर्तनाला वाहिलेला आहे. गायन, वादन आणि नर्तन या तिन्हींना मिळून संगीत म्हणावे, अशी त्यांची भूमिका. त्यांनी शरीराची मुख्य अंगे सहा मानली : मस्तक, हात, छाती, कुशी, कंबर आणि पाय. प्रत्येक अंग किती तऱ्हांनी हलते हे मोजून त्यांनी त्या हालचालींना नावे दिली. एका पायाच्या चालीला 'चारी' आणि हातापायांच्या एकत्रित क्रियेला 'करण' म्हटले. हिशेबनीसाने माणसाच्या हालचालींचाही जमाखर्च मांडला, असे म्हणण्याचा मोह आम्हांला होतो. दोन्ही हातांच्या मुद्रांमध्ये त्यांनी 'अंजली' नोंदली आहे. मिस्साबलिदानात आपण एकमेकांना शांती देताना हात जोडतो, ती हीच.

आपल्या विषयासाठी त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की शार्ङ्गदेवांनी शास्त्रोक्त 'मार्ग' पद्धतीबरोबर 'देशी' पद्धतीलाही जागा दिली. देशी म्हणजे त्या त्या प्रांतातील लोकांच्या आवडीने घडलेली. दरबारातील पंडिताने लोकांच्या पावलांची दखल घेतली.

पुढे सोळाव्या शतकात जनार्दनस्वामी याच किल्ल्याचे किल्लेदार होते. त्यांच्याकडे पैठणचा एक मुलगा शिकायला आला, तो म्हणजे संत एकनाथ. नाथांची भारुडे आपण ऐकलेली असतात. पण भारूड हे ऐकण्याइतकेच पाहण्याचेही असते. त्यात वासुदेव येतो, जोशी येतो, गोंधळी येतो, आणि प्रत्येकाची चाल निराळी असते. मुलींची फुगडी आणि पिंगा यांनाही नाथांनी अध्यात्माचे रूपक केले. नाथांच्या भारुडांत महाराचा 'जोहार'ही आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. त्याच्याशी निगडित एक प्रश्न पुढे येणार आहे.

आता प्रत्यक्ष हालचालींकडे वळू.

पावली ही वारकऱ्यांची. दिंडीत टाळकऱ्यांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात. मध्ये विणेकरी आणि मृदंग वाजवणारा असतो. उजवे पाऊल पुढे पडते, डावे त्याच्याजवळ येते, गुडघे किंचित लवतात आणि कमरेतून वाकत टाळ छातीपाशी वाजतो. मग तितकीच पावले मागे. गावोगावी यात थोडा फरक आढळतो, परंतु पुढे जाणे, लवणे आणि मागे येणे हा गाभा सर्वत्र सारखाच. पावलीत कोणी एकटा चमकत नाही. लय संथ असते, हळूहळू वाढते, कळसाला पोहोचून पुन्हा उतरते. शिकवणाऱ्यांनी प्रथम टाळ न देता नुसती पावले बसवावीत. टाळ हातात आला की नवशिक्याचे लक्ष हातांकडे जाते आणि पाय चुकतात.

फुगडी सर्वांना ठाऊक आहे असे वाटते, तरी आज अनेक मुलींना ती घालता येत नाही. दोघी समोरासमोर उभ्या राहतात, पावले जुळवून बोटांना बोटे भिडवतात, हातांची फुली करून एकमेकींचे हात घट्ट धरतात आणि शरीर मागे झोकून देतात. हात ताठ, मान मागे, पाऊल अगदी लहान. फुगडीचे सारे बळ मागे झुकण्यात आहे. दोघींचे वजन एकमेकींना तोलते. भिऊन एक जण सरळ झाली की वेग मोडतो. बसून घातलेली बसफुगडी, एका हाताची फुगडी, अनेक जणींचा फेर असे तिचे प्रकार आहेत. नागपंचमी व मंगळागौरीशी ती जोडली गेली असली तरी तिच्या हालचालीत कोणत्याही दैवताची पूजा नाही. तो निखळ खेळ आहे. झिम्मा तिची बहीण. त्यात समोरासमोर वाकून टाळ्या देत जागा बदलायची असते.

लेझीम मुळात आखाड्यातील. लाकडी दांड्याला लोखंडी साखळी आणि तिच्यात चकत्या. दांडा व साखळी एकमेकांपासून ओढली आणि पुन्हा जवळ आणली की झणत्कार होतो. शाळेतल्या कवायतीत 'चार आवाज', 'आठ आवाज', 'दो रुख', 'आगे फलांग' अशी नावे आजही ऐकू येतात. 'आवाज' म्हणजे मोजणीचा ठोका. वाकून पायांपाशी एक, कमरेपाशी एक, छातीपाशी एक, असे आवाज मोजत शरीर खाली-वर होते, मग पावले सुरू होतात. १९८२ साली दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या उद्घाटनात सांगलीच्या पथकाने लेझीम सादर केली आणि ती देशभर दिसली.

गोंधळ मात्र वेगळा. संबळ, तुणतुणे आणि दिवटी घेऊन भवानीच्या किंवा रेणुकेच्या नावाने घातला जाणारा तो एक विधी आहे. त्याचा आपण आदर करावा. त्याचे तुकडे काढून आपल्या मंचावर लावू नयेत, असे आमचे मत आहे.

येथे तो अवघड प्रश्न येतो. मराठवाड्यातील आपल्या श्रद्धावंतांपैकी पुष्कळांचे पूर्वज महार व मांग समाजांतून ख्रिस्ताकडे आले. हलगी वाजवणे, वरातीपुढे चालणे, पोतराज होऊन स्वतःच्या अंगावर कोरडे ओढणे, ही जातीने लादलेली कामे होती. त्यांचा मोबदला म्हणजे उरलेली भाकर. ती वाद्ये खाली ठेवणे हा त्यांच्यासाठी मुक्तीचा अनुभव होता. त्या काळच्या युरोपीय धर्मगुरूंनाही ढोल आणि नाच यांविषयी संशय होता, हे खरे. परंतु आपल्या वडीलधाऱ्यांनी हलगी टाकली ती केवळ फादरांच्या सांगण्यावरून नव्हे.

काही वर्षांपूर्वी एका खेड्यात संताच्या सणाला तरुणांनी मोठ्या उत्साहाने अर्पणाच्या मिरवणुकीत हलगी आणली. आम्हीच तशी परवानगी दिली होती. पहिला ठोका पडताच एक वृद्ध काका उठून बाहेर गेले. मिस्सा संपल्यावर ते शांतपणे म्हणाले, "फादर, ही गळ्यातून काढायला माझ्या बापानं गाव सोडलं. तुम्ही ती वेदीपुढं आणली." आम्हांला उत्तर सुचले नाही. तरुणांची बाजूही चूक नव्हती. त्यांच्या दृष्टीने हलगी ही कला होती, आणि जे हात एकेकाळी हीन मानले गेले त्यांचाच तो सन्मान होता. दोघेही खरे बोलत होते. त्या दिवसापासून आम्ही एवढाच नियम पाळतो, की असे काही ठरवण्यापूर्वी गावातील वृद्धांना विचारायचे, आणि त्यांनी 'नाही' म्हटले तर ते 'नाही'च.

उपासनेत नृत्याला जागा आहे काय? मिर्यामने समुद्र ओलांडल्यावर डफ घेतला आणि दावीद कोशापुढे नाचला, हे आपण पवित्र शास्त्रात वाचतो. रोमच्या उपासनाविषयक मंडळाने २५ जानेवारी १९९४ रोजी स्थानिक संस्कृती व उपासना यांविषयीचे मार्गदर्शन प्रसिद्ध केले. काही लोकांमध्ये गाण्याबरोबर टाळ्या, डोलणे व नृत्याच्या हालचाली सहजच येतात, हे त्यात मान्य केले आहे. अशा हालचाली समुदायाची खरी प्रार्थना असाव्यात, नुसते सादरीकरण नसावे, ही त्याची अट. भारतासाठी रोमने १९६९ सालीच बारा मुद्दे मंजूर केले होते, ज्यांत अंजलिहस्त, पंचांग प्रणाम आणि आरती यांचा समावेश आहे. मुंबईत अंधेरीच्या ज्ञान आश्रमातून एस.व्ही.डी. संघाचे फादर जॉर्ज प्रोक्ष यांनी भारतीय शैलीतील ख्रिस्ती नृत्यनाटिका घडवल्या. परंतु त्या रंगमंचाच्या होत्या. खेड्यातील पावले चर्चच्या अंगणातच राहिली.

याबाबतीत फिलिपिन्सकडे पाहण्यासारखे आहे. आपल्या शाळांच्या संमेलनांत दोन बांबू आपटून त्यांमधून उड्या मारण्याचा जो नाच होतो, त्याचे तिकडील रूप म्हणजे लेते बेटावरचा 'तिनिक्लिंग'. लांब पायांच्या तिक्लिंग पक्ष्याच्या चालीवरून त्याला ते नाव पडले. मिझोरमच्या 'चेराव' नृत्यातही बांबू असतात. फ्रान्सिस्का रेयेस-अक्विनो (१८९९–१९८३) या शारीरिक शिक्षणाच्या अध्यापिकेने १९२० च्या दशकापासून खेडोपाडी फिरून हे नाच लिहून काढले. मनगटातून हात फिरवणे ते 'कुमिंतांग', पाय आडवा टाकून पुढे लवणे ते 'सारोक', अशी प्रत्येक हालचालीची लोकांतील नावे तेथील पुस्तकांत नोंदली गेली आणि शाळांतून शिकवली गेली. १९७३ साली त्यांना राष्ट्रीय कलावंताचा सन्मान मिळाला. सेबू शहरात जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी बाळ येशूच्या सणाला 'सिनुलोग' नाचतात : दोन पावले पुढे, एक मागे, नदीच्या प्रवाहासारखी. ते पाहणाऱ्या मराठी माणसाला आपली पावली आठवल्याखेरीज राहणार नाही. लक्झेंबर्गमधील एख्टरनाख येथेही संत विलिब्रॉर्ड यांच्या कबरीकडे भाविक दरवर्षी उड्या घेत मिरवणुकीने जातात.

आपल्याकडे मात्र फुगडीची नावे आजींच्या तोंडी आहेत आणि नातींना चित्रपटातील नाच येतो. सणाच्या मिरवणुकीत भाड्याच्या ध्वनिक्षेपकांच्या भिंती आल्यापासून तर पावलांचा आवाजच ऐकू येत नाही.

ज्या धर्मग्रामांना सुरुवात करायची आहे त्यांनी आधी साठी ओलांडलेल्या महिलांना बोलावून त्यांना येणारे फुगडीचे व झिम्म्याचे सारे प्रकार त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवावेत. प्रत्येक हालचालीपुढे पाय कोणता, हात कुठे, किती ठोके हे लिहावे. फुगडी व लेझीम अंगणातच शोभतात. अर्पणाच्या मिरवणुकीसाठी पावली घ्यावी. ती वारकऱ्यांची आहे हे मुलांना सांगून, उसनी म्हणून घ्यावी. चार जोड्या पुरेत. पायांत काही नको. टाळ दोनच, बाकीच्यांच्या हातांत भाकर, द्राक्षारस व फुले. लय इतकी संथ ठेवावी की मागच्या बाकावरील म्हाताऱ्या माणसालाही त्या पावलांबरोबर चालता येईल.