गुणवत्तेची फूटपट्टी कोणाची?

संगणक-कंपनीच्या मुलाखतीत नापास झालेला आमचा विद्यार्थी स्वतःच्याच गुणवत्तेला दोष देतो. मी त्याला इतिहास सांगतो. १९४५-४६ साली अमेरिकेत एनिॲक संगणकाची आज्ञावली रचणाऱ्या सहा प्रमुख व्यक्ती स्त्रियाच होत्या. १९६६ साली कॅनन आणि पेरी यांनी १,३७८ प्रोग्रामरांच्या आवडीनिवडींवरून 'लायक प्रोग्रामर' रेखाटला. त्यांत स्त्रिया अवघ्या १८६. जे आधीच आत होते, तेच निकष ठरले. आपल्याकडे २००७ साली जोधका व न्यूमन यांच्या अभ्यासात बड्या कंपन्यांच्या अधिकाऱ्यांनी सांगितले, की आम्ही उमेदवाराची कौटुंबिक पार्श्वभूमी विचारतो. बाप काय करतो, यावरून कोणते गणित सुटते? मित्रांनो, अल्गोरिदम घोटून घोटून शिका. पण फूटपट्टी कोणी आखली, हेही विचारा.