सिंदखेडराजा तालुका दर्शन : एका दिवसात गाडीने काय काय बघाल?

सिंदखेडराजा : १२ जानेवारीला जिजाऊ जन्मोत्सवासाठी हजारो गाड्या येतात आणि राजवाड्यात माथा टेकवून परत फिरतात. पण तालुक्याचा इतिहास एका वाड्यापुरता नाही. एक दिवस काढला, तर पुढची ठिकाणं आरामात बघून होतात.

१) राजवाडा : जालना-मेहकर रस्त्यालगतच आहे. समृद्धीने येणाऱ्यांनी सिंदखेडराजा इंटरचेंजला उतरावं. लखुजीराव जाधव यांच्या या वाड्यात १५९८ मध्ये जिजाऊंचा जन्म झाला.

२) रंगमहाल, काळा कोट, नीळकंठेश्वर : तिन्ही गावातच. रंगपंचमीला जिजाऊ आणि शहाजीराजांच्या लग्नाची गोष्ट निघाली ती रंगमहालात, असं सांगतात. नीळकंठेश्वर हे महादेवाचं जुनं देऊळ.

३) लखुजीरावांची समाधी : १६२९ मध्ये देवगिरीवर निजामशहाच्या दरबारात लखुजीराव, त्यांची मुलं अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव यांना दग्याने मारलं. समाधीची दगडी छत्री भव्य आहे. २०२४ मध्ये छत्रीच्या दुरुस्तीवेळी पुरातत्त्व खात्याला शेजारी जमिनीखाली शिवमंदिराचे अवशेष आणि शेषशायी विष्णूची मोठी मूर्ती सापडली. म्हणजे जाधवांच्याही आधीचं गाव या मातीखाली आहे.

४) मोती तलाव, पुतळा बारव : जुन्या काळी पाणी कसं अडवलं आणि साठवलं, ते इथे दिसतं. बारवेतली कोरीव शिल्पं जरूर बघा. पायऱ्या जपून उतरा, लहान मुलांचा हात सोडू नका.

५) साखरखेर्डा : बहुतेक लोक इथे जातच नाहीत. ऑक्टोबर १७२४ मध्ये निजाम-उल-मुल्क आणि हैदराबादचा सुभेदार मुबारिझ खान यांची लढाई या परिसरात झाली. पहिले बाजीराव तेव्हा निजामाच्या बाजूने होते. मुबारिझ खान पडला, निजामाने हैदराबाद घेतलं आणि १९४८ पर्यंत टिकलेल्या निजामशाहीचा पाया इथेच पक्का झाला. मराठवाड्याने पुढे ज्या राजवटीशी लढा दिला, तिची सुरुवात आपल्या तालुक्यातली. पोरांना हे शाळेच्या पुस्तकापेक्षा शिवारात उभं राहून लवकर कळेल. गावातला पलसिद्ध मठही बघता येईल.

सकाळी लवकर निघा, पाणी सोबत ठेवा. भिंतींवर नावं कोरू नका.