मेणात घडलेला धातू

जालना जिल्ह्यातल्या परतूरच्या जुन्या घरांत देवघरात दोन तऱ्हेचे देव दिसतात. टाक पत्र्यावर ठोकून उठवलेले, तर रांगता बाळकृष्ण ओतीव. त्याचा लोण्याचा गोळा धरलेला उचलता हात, टेकलेला गुडघा, पोटाखालची पोकळी नीट पाहा. दोन फाळ्यांच्या साच्यातून अशी मूर्ती काढायला गेलं की ती कुठेतरी अडकतेच. साच्याचे तुकडे वाढवले, तर प्रत्येक जोडावर धातूची कड उमटते आणि ती कानशीने घासत बसावं लागतं.

जुन्या कारागिरांनी यावर तोड काढली ती मेणाची. मूर्ती मेणात करायची, मातीने लिंपायची, भाजायची. मेण वाहून गेलं की त्या पोकळीत धातू ओतायचा आणि शेवटी साचा फोडायचा. साचा उघडायचाच नसल्यामुळे आकार कितीही अडनिडा चालतो.

प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ मध्ये सापडलेले रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा याच पद्धतीचे मानले जातात. चारही भरीव, मिळून साठ किलोंहून जड. त्यांच्या काळाबद्दल मतभेद आहेत. बरेच अभ्यासक ते सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचे मानतात.

लेखी कूळ मात्र मराठवाड्याच्या अंगणातलंच आहे. हा मुलूख कल्याणीच्या चालुक्यांकडे असताना, बाराव्या शतकात, राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासा’त हा विधी तपशिलाने आला. मातीत जळका तूस, बारीक कातरलेला कापूस आणि थोडं मीठ घालायचं. पहिला थर पातळ द्यायचा, तो सावलीत वाळवायचा, मग पुढचे थर चढवायचे. मूर्तीच्या पाठीवर किंवा खांद्यावर मेणाची नळी जोडायची, तिचं तोंड धोत्र्याच्या फुलासारखं पसरट. आजही ओतकामात रस घ्यायला असंच पसरट तोंड ठेवतात. आधी मेण तोलून धातू किती लागेल तेही ग्रंथ सांगतो: चांदी मेणाच्या बारा पट, सोनं सोळा पट. मला यातला हा हिशेब सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्यात ओतणाऱ्याचा अनुभव मोजमापात उतरला आहे.

कारखान्यांकडे हे तंत्र वळलं ते दंतवैद्यांच्या हातून. शिकागोच्या विल्यम टॅगर्टने १९०७ मध्ये दातात बसवायचं सोनं असं ओतून दाखवलं. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या टर्बोसुपरचार्जरची पाती करायची होती. त्यांचा मिश्रधातू इतका कठीण की कापून आकार देणं जिकिरीचं, म्हणून तीही मेणावरून ओतली गेली. हेच इन्व्हेस्टमेंट कास्टिंग. मातीच्या जागी आता सिरॅमिकचे थर आले. पृष्ठभाग गुळगुळीत निघतो, माप जवळपास नेमकं येतं, पुढचं यंत्रकाम वाचतं आणि महागडा धातू कीस होऊन वाया जात नाही. आत सिरॅमिकचा गाभा ठेवला, तर पात्याच्या पोटातून थंड हवेच्या वाटाही काढता येतात.

जालन्याच्या पोलादाच्या गिरण्यांतल्या सळईला यातलं काही लागत नाही. ती रोलांमधून सरळ निघते. मेणाचा नमुना आणि थर वाळवण्याचा वेळ परवडतो तो वळणावळणाच्या, कठीण धातूच्या भागांना: झडपेच्या अंगाला, पंपाच्या पंख्याला, माणसाच्या कृत्रिम गुडघ्याला.