कॅम्पर व्हॅनची बॅटरी बदलताय? आधी ती चार्ज कशी होणार ते बघा

कॅम्पर व्हॅनची बॅटरी बसली की दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती एएचची देऊ?" आपणही जुन्या बॅटरीवरचा आकडा वाचून दाखवतो आणि तशीच नवी घेऊन येतो. दोन वर्षांनी पुन्हा तेच.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. तेव्हापासून कर्जत-खालापूर पट्ट्यात अशा गाड्या जास्त दिसू लागल्या आहेत. आम्ही चार मित्रांनी घेतलेली सेकंडहँड व्हॅन भिवपुरीला माझ्या मामांच्या अंगणात उभी असते. पावसाळ्यात लाइट गेली की तिच्याच बॅटरीवर घरातले दिवे, राउटर आणि मामांचं सीपॅप मशीन चालतं. त्यामुळे बॅटरी रात्री तीन वाजता बंद पडणं ही आमच्यासाठी फक्त पिकनिकची गैरसोय नाही. आधीच्या मालकाने बसवलेली १५० एएचची ट्युब्युलर बदलायची वेळ आली तेव्हा मी जो हिशेब मांडला, तो इथे टप्प्याटप्प्याने देतोय. घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी बदलतानाही यातला बराचसा भाग जसाच्या तसा लागू पडेल.

आधी दोन बॅटऱ्या वेगळ्या ओळखा

व्हॅनमध्ये दोन बॅटऱ्या असतात. एक इंजिन सुरू करणारी. ती काही सेकंद भरपूर करंट देते आणि लगेच अल्टरनेटरवर पुन्हा भरते. दुसरी घरातल्या वस्तू चालवणारी. ती तासन्‌तास हळूहळू उतरते आणि मग भरते. या दुसऱ्या कामासाठी डीप सायकल बॅटरी लागते. गॅरेजमध्ये स्वस्तात मिळाली म्हणून ट्रक किंवा कारची बॅटरी इथे लावली, तर तिच्या पातळ प्लेट्स काही महिन्यांतच दमतात. हा लेख फक्त दुसऱ्या बॅटरीबद्दल आहे. इंजिनची बॅटरी साधी लेड-ॲसिडच राहू द्या.

एएच म्हणजे धरणाची क्षमता, पाऊस नव्हे

भिवपुरीचं उदाहरण सोपं पडेल. इथलं टाटांचं जलविद्युत केंद्र १९२२ पासून चालू आहे आणि त्याची क्षमता ७५ मेगावॅट आहे. घाटावरच्या ठोकरवाडी धरणाचं पाणी पाइपमधून सुमारे पाचशे मीटर खाली येतं आणि टर्बाइन फिरवतं. धरण कितीही मोठं बांधलं तरी ते भरायला पाऊस लागतोच. २०२३ मध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारशी करार करून इथेच १००० मेगावॅटचा पंप स्टोरेज प्रकल्प जाहीर केला. वीज जास्त असेल तेव्हा पाणी वर चढवायचं आणि गरज असेल तेव्हा खाली सोडायचं, अशी त्याची कल्पना आहे. थोडक्यात, पाण्याची बॅटरी.

व्हॅनचंही तेच. एएच हा साठ्याचा आकडा आहे. तो साठा रोज किती भरणार हे त्या आकड्यावरून कळत नाही. बॅटरी लवकर मरते ती बहुतेक वेळा याच कारणाने.

पायरी १: रोजचा खर्च मोजा

प्रत्येक वस्तूचे वॅट गुणिले तास. आमच्या सहलीच्या दिवसाचा हिशेब असा:

- १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज: ४५ वॅट, दिवसातला अर्धा वेळ चालू = ५४० वॅट-तास
- दोन छोटे पंखे: प्रत्येकी २० वॅट, ८ तास = ३२०
- लॅपटॉप आणि फोन: ६० वॅट, ३ तास = १८०
- सीपॅप: ३५ वॅट, ८ तास = २८०
- तीन एलईडी दिवे: प्रत्येकी ५ वॅट, ५ तास = ७५
- पाण्याचा पंप: ६० वॅट, १५ मिनिटं = १५

एकूण १४१० वॅट-तास. वायर आणि इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारे साधारण १० टक्के धरले की १५५०. याला १२ व्होल्टने भागा, म्हणजे जवळपास १३० एएच.

पावसाळ्यात लाइट गेल्यावरचा हिशेब वेगळा. फ्रिज आणि पंखे बंद. सीपॅप २८०, राउटर २४०, दिवे ७५, फोन ६०. वाया जाणारे धरून सुमारे ७२० वॅट-तास. असे दोन्ही हिशेब कागदावर मांडा, कारण बॅटरीची खरी परीक्षा दुसऱ्यात होते.

सीपॅप असेल तर शक्यतो कंपनीचा १२ व्होल्टचा अडॅप्टर वापरा. १२ चे २३० करून पुन्हा खाली आणण्यात वीज फुकट जाते. ह्युमिडिफायरचा हीटर बरीच वीज खातो. तो बंद ठेवला तर चालेल का, हे मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

पायरी २: रोजची भरती मोजा

व्हॅनची बॅटरी तीन वाटांनी भरते.

- सोलर: आमच्या टपावर ३०० वॅटचे पॅनल सपाट बसवलेत. उन्हाळ्यात दिवसाला चार तासांचं भरपूर ऊन धरलं तर १२०० वॅट-तास मिळतात. जुलैतल्या कुंद दिवसासाठी मी त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे ३०० च धरतो.
- गाडीचा अल्टरनेटर: गाडी चालू असतानाच.
- घरचा २३० व्होल्टचा चार्जर: लाइट असेल तेव्हाच.

खरी गंमत इथे आहे. १५० एएचच्या ट्युब्युलरला साधारण तिच्या आकड्याच्या दहाव्या हिश्श्याइतका, म्हणजे १५ अँपिअर करंट द्यायचा असतो. भिवपुरी ते मुंबई अडीच तास गाडी चालवली तर जेमतेम ३७ एएच भरतात. शिवाय लेड-ॲसिडमधला शेवटचा वीस टक्के भाग फार हळू भरतो. त्यासाठी बरेच तास सलग चार्जिंग लागतं. लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी बॅटरी तोच अडीच तासांचा प्रवास ३० अँपिअरच्या चार्जरवर ७५ एएचमध्ये बदलते, आणि जवळपास भरेपर्यंत तेवढाच करंट घेत राहते.

लेड-ॲसिड अर्धवट भरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे राहिली तर प्लेट्सवर सल्फेटचे कडक खडे जमतात आणि क्षमता कायमची घटते. कोकणातला पावसाळा म्हणजे नेमकी हीच अवस्था: ढगाळ आकाश, अधूनमधून लाइट आणि जागेवर उभी गाडी. एलएफपीला अर्धवट भरलेलं राहण्याचा त्रास होत नाही, उलट ते तिला मानवतं.

पायरी ३: प्रकार निवडा

ट्युब्युलर लेड-ॲसिड. स्वस्त, गावोगाव मिळणारी, दुरुस्तीची माहिती सगळ्यांना. पण आयुष्य टिकवायचं तर अर्धीच वापरायची. १५० एएच म्हणजे १८०० वॅट-तास, हाती येतात ९००. वजन पन्नास-साठ किलो. उंच असल्यामुळे घाटातल्या वळणांवर हेलकावे खाते आणि ॲसिड सांडू शकतं. चार्ज होताना हायड्रोजन सोडते, म्हणून झोपायच्या जागेखाली ती नकोच. घरात हवेशीर कोपऱ्यात उत्तम, चालत्या व्हॅनमध्ये नाही.

एजीएम किंवा जेल. हीसुद्धा लेड-ॲसिडच, पण सीलबंद. सांडत नाही, पाणी घालावं लागत नाही. अर्धीच वापरायचा नियम आणि सल्फेटचा धोका मात्र तसाच.

एलएफपी. १०० एएच म्हणजे १२८० वॅट-तास. त्यातले ८५ टक्के वापरले तरी जवळपास १०९० हाती येतात, म्हणजे १५० एएचच्या ट्युब्युलरपेक्षा जास्त. वजन बहुतेक १५ किलोच्या आत. सुरुवातीची किंमत जास्त.

किमतीची तुलना करताना दुकानातला आकडा बघू नका. किंमत भागिले (हाती येणारी युनिट गुणिले सायकल) करा. समजा ट्युब्युलर १५,००० रुपयांना आहे आणि १००० सायकल टिकते. ०.९ युनिट गुणिले १००० म्हणजे ९०० युनिट, म्हणजे युनिटमागे साधारण १७ रुपये. समजा एलएफपी ३०,००० ला आहे आणि २५०० सायकल टिकते. १.०९ गुणिले २५०० म्हणजे २७२५ युनिट, म्हणजे युनिटमागे ११ रुपये. हे आकडे फक्त पद्धत दाखवायला घेतलेत, तुमच्या दुकानातले भाव त्यात घाला.

पण हा हिशेब रोज वापरणाऱ्यांसाठी आहे. व्हॅन वर्षातून पंधरा-वीस रात्रीच बाहेर पडत असेल आणि एरवी शेडमध्ये चार्जरला लावलेली असेल, तर एवढ्या सायकल तुम्ही कधीच संपवणार नाही. अशांना एजीएम पुरेशी आहे.

पायरी ४: किती मोठी?

लाइट गेलेल्या दिवसाचे ७२० वॅट-तास आठवा. जुनी १५० एएच ट्युब्युलर नवी असती तरी ९०० देऊन सव्वा दिवसात संपली असती. २०० एएचची एलएफपी सुमारे २१८० देते, म्हणजे सूर्य दिसला नाही तरी तीन दिवस. कुंद दिवसाचे ३०० मिळत राहिले तर रोजची तूट ४२० उरते आणि पाच दिवस निघतात. शिवाय सहलीच्या दिवसाचे १५५० वॅट-तासही त्यात आरामात बसतात. म्हणून आम्ही २०० एएच एलएफपी ठरवली.

फक्त बॅटरी बदलून चालत नाही

- चार्जर: लेड-ॲसिडच्या काही चार्जरमध्ये इक्वलायझेशन मोड असतो. त्यात व्होल्टेज १५ च्या वर जातं. चार सेलच्या एलएफपीची कमाल १४.६ आहे. सोलर कंट्रोलर आणि घरचा चार्जर दोन्हीत लिथियमचं सेटिंग हवं.
- अल्टरनेटर: एलएफपी इतका करंट ओढते की थेट जोडल्यास अल्टरनेटर तापून जळू शकतो. बीएस-६ गाड्यांपैकी काहींत अल्टरनेटरचं व्होल्टेज कॉम्प्युटर कमी-जास्त करतो. दोन्हीवर उपाय एकच, मधे डीसी-डीसी चार्जर.
- फ्यूज: बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून शक्य तितक्या जवळ. शॉर्ट झाल्यास एलएफपी हजारो अँपिअर सोडू शकते. १००० वॅटचा इन्व्हर्टर साधारण ९० ते १०० अँपिअर ओढतो. त्याला १२५ अँपिअरचा फ्यूज आणि ३५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर धरा. लग नीट क्रिंप केलेले हवेत, पिळून टेप मारलेले नकोत.
- उष्णता: लेड-ॲसिडचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर १० अंशांमागे साधारण निम्मं होतं. कर्जतकडे मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो, बंद व्हॅनमध्ये त्याहून वर. इंजिनजवळ किंवा टपाखाली बॅटरी नको. एलएफपी शून्याखाली चार्ज करायची नसते. इथे तो प्रश्न नाही, पण लडाखला जाणार असाल तर लो-टेम्परेचर कटऑफ असलेलीच घ्या.

दुकानात विचारायचे प्रश्न

१. ही नक्की एलएफपी आहे का? बिलावर तसं लिहून घ्या. फुल चार्ज १२.६ व्होल्ट लिहिलं असेल तर ती वेगळ्या रसायनाची बॅटरी आहे.

२. बीएमएस सलग किती अँपिअर देतो? फक्त पीक आकडा ऐकून घेऊ नका.

३. क्षमता मोजून दाखवाल का? १०० एएचवर २० अँपिअरचा लोड लावला तर जवळपास पाच तास चालली पाहिजे.

४. लेड-ॲसिड घेत असाल तर लेबलवर सी-१० आहे की सी-२०? सी-२० म्हणजे वीस तासांत हळूहळू उतरवलेला आकडा. जास्त लोडवर त्याहून बराच कमी मिळतो.

५. वॉरंटी गाडीतल्या वापराला लागू आहे का?

जुनी खरंच मेली आहे का?

टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर असेल तर तो काढा, घट्ट करा, व्हॅसलिन लावा. मग फुल चार्ज करून ९० वॅटचा लोड लावा. १५० एएचची तब्येतीची बॅटरी १२ व्होल्टवर यायला नऊ-दहा तास घेते. तीन-चार तासांत आली तर बदला. नवी-जुनी मात्र कधीच समांतर जोडू नका, जुनी नवीलाही खाली ओढते.

जुनी लेड-ॲसिड दुकानदाराला परत द्या, भंगाराचे पैसे बिलातून वजा होतात. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार जुन्या बॅटऱ्यांचं पुनर्चक्रीकरण ही उत्पादकाची जबाबदारी आहे. ॲसिड ओढ्यात ओतू नका.

ठेवायची कशी?

महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर लेड-ॲसिड फुल भरून आणि चार्जरवर ठेवा. एलएफपी बरोबर उलटी: ५० ते ६० टक्क्यांवर आणून लोड तोडून ठेवा. मात्र बॅटरी घरच्या बॅकअपलाही लागत असेल, तर जून ते सप्टेंबर ती भरलेलीच ठेवा. थोडं आयुष्य कमी झालं तरी चालेल, रात्री वीज मिळणं महत्त्वाचं.

थोडक्यात

- व्हॅन शेडमध्ये, चार्जर कायम लावलेला, वापर क्वचित: एजीएम.
- भरती अर्धवट, सोलरवर भर, पावसाळ्यात वापर: एलएफपी, सोबत डीसी-डीसी चार्जर.
- फक्त घरचा इन्व्हर्टर, हवेशीर जागा, बजेट कमी: ट्युब्युलर.

खर्च आणि भरतीचे दोन्ही आकडे कागदावर आल्याशिवाय एएचचा आकडा ठरवू नका.